टाकीचा भोंगा आणि चार ताजे सेल

सर्किट मी स्वतः बनवलं होतं, त्यामुळे ते चालणार यात तिळमात्र शंका नव्हती. गच्चीवरची टाकी भरली की दोन उघड्या तारा भिजणार, भोंगा वाजणार आणि टाकी वाहिली म्हणून खालच्या शिंपीणबाईंनी माझा उद्धार करणं बंद होणार. प्रश्न उरला विजेचा. चार्जर लावायचा म्हणजे प्लगशी गाठ, आणि प्लगला मी चपलेशिवाय हातसुद्धा लावत नाही. रिमोटचे दोन सेल घालून पाहिले, तर भोंगा सर्दी झाल्यासारखा कुंईकुंई करून गप्प!

चार ताजे सेल हवेत, हे नक्की झालं. घरात ते एकाच ठिकाणी होते. सासऱ्यांच्या बीपीच्या मशीनमध्ये.

तासाभराचा तर प्रश्न होता. ते काढले आणि त्यांच्या जागी घड्याळातले, टॉर्चमधले म्हातारे सेल बसवून टाकले. सर्किट खिशात घालून गच्चीकडे निघालो, तोच बायकोची हाक आली.

"अरे, बाबांना गरगरतंय. बीपी बघते, तू पाणी आण."

पाणी घेऊन आलो, तेव्हा दंडावरचा पट्टा कसाबसा अर्धा फुगला होता. मशीन कण्हत होतं.

"वरचं अठ्ठावन्न," बायकोचा आवाज कापत होता. "खालचं तर दाखवतच नाहीये."

सेलचं खरं सांगितलं तर बायको मला सोडणार नव्हती. नाही सांगितलं तर सासऱ्यांची रवानगी दवाखान्यात! मागच्या खेपेला तिथून परतल्यावर त्यांनी बजावलं होतं, पुन्हा तिथे नेऊ नका म्हणून.

"दे, मी मशीन बघतो," मी म्हणालो.

"तू कशालाही हात लावू नकोस. मी अॅम्ब्युलन्स बोलावते."

"पोरी, मी बरा आहे गं," सासरे पुटपुटले. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "जावईबापू, सांगा ना हिला."

आता मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. सांगायलाच हवं होतं. तोंड उघडलं, पण घशाला कोरड. अंगातलं सगळं पाणी जणू दुसऱ्या हाताच्या तळव्यात उतरलं होतं, आणि तो हात खिशात सर्किट गच्च धरून बसला होता.

आणि भोंगा वाजला. असा खणखणीत, की बायकोच्या हातून फोन पडला!

मी घामाने ओलाचिंब झालेला हात बाहेर काढला. त्यात सर्किट, सर्किटला चार ताजे सेल. बायकोने सेलकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग माझ्याकडे.

सासऱ्यांनी हळूच माझं मनगट सोडलं आणि मीच आणलेला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"टाकी भरली वाटतं," ते म्हणाले.