कासवाचा भाव

जेवणाच्या टेबलावर तीन जाडजूड पुस्तकं उघडी पडली होती आणि कोटेशनकाका तिन्ही पुस्तकांवर खवळले होते.

"हे म्हणतं, कासवाचं नाणं चहाच्या कपाएवढ्या किमतीचं. हे म्हणतं, सायकलीएवढ्या. आणि हे सगळ्यांत महागाचं काय म्हणतं? 'भाव विक्रेत्याला विचारावा!' अरे, विक्रेत्यालाच विचारायचं होतं तर तुला कशाला विकत घेतलं?"

"बाबा, पुस्तकावर ओरडून ते भाव बदलणार आहे का?" सून शिंका आवरत म्हणाली. "उचला ते सगळं. पानं घ्यायचीत."

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात झाली होती. तीन दुकानांची कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी तिथे टाचणीसुद्धा घेतली नव्हती. निवृत्त झाल्यावर ते भाजीही त्याच पद्धतीने आणत. घरी येईपर्यंत ती सुकलेली असे, पण स्वस्त असे. म्हणून सगळे त्यांना कोटेशनकाका म्हणत.

नाण्यांचा नाद काकूंचा. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. येत्या रविवारी नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं आणि त्यात काकूंचा अल्बम त्यांच्या नावाने मांडायचा होता. अल्बममध्ये एकच खण रिकामा होता, कासवाची छाप असलेल्या तांब्याच्या नाण्याचा. तो भरल्याशिवाय अल्बम मांडायचा नाही, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. पण योग्य भाव कळल्याशिवाय घ्यायचंही नाही, हेही तितकंच ठाम. आता पुस्तकांनीच दगा दिल्यावर करणार काय?

"कोटेशनं मागवायची," काका म्हणाले आणि त्यांनी मेव्हण्याला बोलावून घेतलं.

"भाऊजी, तुम्हीच जा की दुकानात."

"छे! मला गरज आहे हे माझ्या तोंडावर दिसतं. गिऱ्हाइकाची गरज दिसली की भाव चढलाच म्हणून समज. तू उडाणटप्पू म्हणून जा."

"आणि सोंग कसं आणू?"

"आणावं लागणार नाही."

बाजारात नाण्यांची मोजकीच दुकानं होती. मेव्हणा त्यातल्या सगळ्यांत जुन्या दुकानात जाऊन हात हलवत परत आला. "नाणं आहे त्याच्याकडे. पण म्हणतो, द्यायचं नाही."

"भाव चढवतोय लेकाचा!" काकांना स्फुरण चढलं. "असले छप्पन्न पाणी पाजून सोडलेत मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या कंपाउंडरला पाठवलं. तोही हात हलवत परतला. मग सुनेला पाठवलं. शिवाय काकांनी स्वतः उरलेल्या दोन दुकानांत आवाज बदलून फोन केले. त्या दोघांकडे कासव नव्हतंच, पण गिऱ्हाईक सोडायचं कशाला? दोघांनीही लगोलग त्या जुन्या दुकानदाराला फोन लावला, "तुझं कासव देतोस का? काय घेशील?"

शुक्रवारी मंडळाची नवी भावपुस्तिका निघाली. बाजारात चौकशी करून भाव छापणारी, सगळ्यांत खात्रीची म्हणून तिचा लौकिक होता. काकांनी ती उघडली आणि मटकन खाली बसले. कासवाची किंमत स्कूटरवर गेली होती.

तसेच चप्पल घालून ते पुस्तिकेच्या संपादकांकडे गेले.

"हा भाव कुठून काढलात हो?"

"बाजारातून!" संपादक अभिमानाने म्हणाले. "गावभर धुमाकूळ आहे नुसता. एक उडाणटप्पू येऊन गेला, मग एक कंपाउंडर. दोन दुकानदार मागे लागलेत. एक बाई तर नाण्यासाठी डोळ्यांत पाणी आणून उभ्या होत्या म्हणे. आणि ज्याच्याकडे आहे तो काही केल्या सोडत नाही. याला म्हणतात तेजी!"

"डोळ्यांत पाणी सर्दीमुळे होतं," काका बोलून गेले.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझी सून आहे ती."

संपादकांनी चष्मा काढला. "म्हणजे ही सगळी तेजी तुमच्या एका घरातली?"

"शेजारी धरून," काका म्हणाले. "आता खाली आणा भाव."

"छापून झालंय, काका. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, प्रदर्शन तर परवावर आलं होतं. काका तडक जुन्या दुकानात गेले आणि काउंटरवर हात ठेवून उभे राहिले.

"कासव पाहिजे. काय घेणार, एकदाच सांगा."

"तुम्हीही?" दुकानदाराने कपाळाला हात लावला. "किती जणांना सांगू, ते विकायचं नाही! एका बाईंसाठी ठेवलंय. घासाघीस करून घाम फोडला हो त्यांनी मला. म्हणाल्या, बाजूला ठेवा, येते परत. आल्या नाहीत अजून, पण येतील. मी शब्द दिलाय त्यांना."

काकांनी काउंटरवरचा हात काढून घेतला.

"नवऱ्याला बाहेर फुटपाथवर उभं करून यायच्या. आत आणला तर मला तीन दुकानं हिंडवेल, म्हणायच्या."

काका म्हणाले, "तो नवरा मीच."

दुकानदाराने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या पाठीमागे, दाराकडे. "आणि बाई?"

काकांनी नुसती मान हलवली.

दुकानदार आत जाऊन एक छोटं पाकीट घेऊन आला. बराच वेळ त्याला त्याची चिकटपट्टी निघेना.

"अहो, पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?"

"गरज दाखवली की भाव चढतो."

"चढलाय खरा." त्याने नवी पुस्तिका पुढे सरकवली. "या भावाने देऊ, की बाईंच्या?"

"तिच्या."

दुकानदाराने आकडा सांगितला. काकांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. पुस्तकातला चहाच्या कपाएवढा भावही त्यापुढे महाग होता. त्यांनी पाकीट डाव्या मुठीत घट्ट धरलं, डोळे पुसले, खिशात हात घातला, आणि तो तिथेच थांबला.

"यात अजून काही कमी होईल?"

"केलं असतं, काका," दुकानदार म्हणाला. "पण बाईंनी जागाच ठेवली नाही."