पुंडलिकबाबांचा जखमी विभाग

आमच्या शेजारचे पुंडलिकबाब पेपर मागच्या, खेळाच्या पानापासून वाचतात, आणि तोही फक्त कोण पडलं ते बघायला. कोण जिंकलं याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. सकाळी पाववाल्या पदेराचा भोंपू वाजला की मी उंडे घ्यायला दारात जाते, तेवढ्यात पलीकडच्या बाल्कांवावरून बातमी येतेच. "वैनी, त्या गोलकीपराचो खांदो गेलो! आता सुई मारतंत काय कापतंत, बघूया." जणू तो गोलकीपर त्यांच्या सख्ख्या मावशीचा मुलगा.

बाब मूळचे पेडण्याचे. खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून डिचोलीत आले, खाणी बंद पडून ट्रक थांबले तरी इथेच राहिले. बायको नाही, पोरं नाहीत. डावा पाय ओढत चालतात. क्लच दाबून दाबून पाय गेला, असं सगळे म्हणतात, आणि बाब कुणाला खोडून काढत नाहीत.

त्यांच्यामुळे आमच्या वाड्यावर कुणाला साधं आजारी पडायची सोय उरलेली नाही. नारळ खोवून माझं मनगट दुखलं, तर म्हणाले, "ह्या टेनिसवाल्यांचा दुखणा." मी जन्मात रॅकेट धरली नाही! पेपरवाल्यांवर मात्र त्यांचा कायमचा राग. "पडलो ता छापतंत, उठलो ता छापतंत. मधला कोण छापता?"

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, माझी सायली पडेपर्यंत.

सायली फुटबॉल खेळते, डाव्या बगलेवरून. आमोण्याच्या मैदानावर वळताना गुडघा पिरगळला आणि पोरगी तिथेच बसली. नवरा जहाजावर, म्हणून मी एकटीच तिला म्हापशाला घेऊन गेले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आतला लिगामेंट पुरता तुटलाय, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. तशीच धावली तर गुडघ्यातली गादीही फाटेल, मग फुटबॉल कायमचा विसरायचा.

आणि पुढच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड!

दुसऱ्या दिवशी बाब पेपर नाचवत आले. परदेशातल्या कुठल्या मोठ्या खेळाडूचं रंगीत चित्र. त्याचंच रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, सुईने गुडघ्यात घातलं, आणि पठ्ठ्या ऑपरेशन न करता मैदानात! "बघ बाये, कापूक नको, काय नको!"

सायलीचे डोळे चमकले. तुटलेलं सुईने जुळत नाही, हे डॉक्टरांनी फोनवर पुन्हा सांगितलं. ऐकतो कोण? सूज उतरली होती, घरातल्या घरात ती चालतही होती. "आधी निवड, मग सुई. ऑपरेशन नाहीच." मी ओरडले, रडले, जेवण सोडलं. पोरगी ढिम्म.

शेवटी देवळात कौल घ्यायचं ठरलं. देवीच ह्या कार्टीला नको म्हणेल, अशी माझी खात्री. वडीलधारे म्हणून पुंडलिकबाबांनी गाऱ्हाणं घातलं, "रविवारी पोरीन मैदानात उतरायचा काय?" गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या. डावी पडली तर नको, उजवी पडली तर होय.

टपकन उजवी पडली.

मी देवीकडे असं बघितलं की तसं सासूकडेही कधी बघितलं नसेल. सायलीने पुंडलिकबाबांना मिठी मारली. बाब मात्र घरी येईपर्यंत तिच्या गुडघ्याकडेच बघत होते.

रविवार उजाडला. सायली गुडघ्याला पट्टा आवळून, बूट हातात घेऊन पायऱ्या उतरत होती. एक हात भिंतीला. मी नुसती बघत होते.

बाब फाटकात उभे होते. "थांब गो," म्हणाले आणि पेपर उघडला. कोपऱ्यात चार ओळी. त्या सुईवाल्याचा गुडघा पुन्हा गेला होता, आणि आता ऑपरेशन होणार होतं.

"त्याचं तो बघेल. मला देवीने उजवा दिलाय," सायली म्हणाली.

बाब तिथेच पायरीवर बसले आणि डावी विजार वर केली. गुडघा कसला, नुसतं वेडंवाकडं हाड. "ह्या क्लचान नाय झाला. मी खाणीच्या टीमीत होतंय. हो गुडघो असोच पिरगळललो, तरी उतारलंय. पेपरात इला, जखमी असान पुंडलिक वाघासारखो खेळलो. ती एक ओळ वाचान माका इतको माज चढलो काय परत उतारलंय. ताच शेवटचा."



"देवीन उजवो दिल्यान, खरा. पण ती बातमी तुका दाखवणारो मी, गाऱ्हाणा घालणारो मी. आता मीच नको म्हणतंय. पाप लागला तर माका लागांदे. जाव नको, बाये." आणि हा साठी उलटलेला माणूस माझ्या पोरीपुढे हात जोडून बसला.

सायलीने बूट फेकले ते अबोलीच्या ताटव्यात. मग तिने असा टाहो फोडला की शेजारीपाजारी धावत आले. पण फाटकाबाहेर तिने पाऊल टाकलं नाही.

ऑपरेशन म्हापशालाच झालं. संध्याकाळी तिची टीम आली, सगळ्या पोरी खाटेवर चढून बसल्या, नर्स वैतागली. निवड झालेलीही होती त्यांत. बाब उंड्यांची पिशवी घेऊन दाराबाहेर उभे.

"सगळ्यो इल्यो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मग? उद्याही येणार म्हणतात."

"बरा झाला." त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मी आडवो पडलंय तेव्हा दार उघडाच ठेवी. टीमीतलो कोण इलो तर उठूक नको म्हणान. कोण येवक नाय."

मी त्यांना दंडाला धरून आत ढकललं. पोरींनी सरकून खाटेवर जागा केली.