दिगूकाकांची तिजोरी

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत दिगूकाकांइतकी गुप्त डायरी कुणाचीच नव्हती, आणि तिच्यातलं अक्षर न् अक्षर आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

त्याचं असं झालं. कुमुदकाकू गेल्या आणि काकांनी रोज त्यांना उद्देशून लिहायचं ठरवलं. पण वहीवर विश्वास नाही. "कागद लई फितूर असतो," म्हणाले. सहासष्टाव्या वर्षी क्रांती चौकातल्या क्लासला जाऊन नातवाच्या वयाच्या पोरांत बसले आणि कॉम्प्युटरवर स्वतःचं डायरीचं ॲप तयार केलं. नाव 'तिजोरी'. इंटरनेटशी संबंध नाही, आणि पासवर्डशिवाय मजकुराची नुसती खिचडी. "माझ्या बापाला बी वाचता यायचं नाय!"

वाचायची गरजच नव्हती. उभी नोकरी सरकारी कचेरीत टायपिस्टला मजकूर सांगण्यात गेलेली. तोंड चालल्याशिवाय काकांची बोटं हलत नसत. पासवर्डसुद्धा खणखणीत आवाजात, उघड्या खिडकीशी बसून. "कुमुद, समोरून आलेली आमटी खारट होती," असं एकदा लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं मीठ कमी करून वाटी पाठवली. "सुधारणा आहे," काकांनी लिहिलं. आम्ही ऐकतो हे सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात गावाबाहेर रोज नवी कॉलनी उठत होती आणि आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं. दर पाण्याच्या दिवशी काका पासवर्ड बदलत. एकदा बदलला आणि तापानं पडले. उठले ते पासवर्ड विसरूनच. पाच वेळा चुकलं की सगळं पुसलं जाईल, ही सोयही त्यांचीच. खिडकीतून आवाज आला, "चार झाल्या." मग दोन दिवस काहीच नाही. मला खरोखर भीती वाटायला लागली.

गल्लीला पासवर्ड माहीत होता. पाणी आलं की काकू द्यायच्या, तीच हाक.

"सीधा जाके बोल दो ना," शेजारचे शिंपी रशीदभाई मला म्हणाले.

"म्हंजे आपण रोज ऐकतो ते कळंल की त्यांना! परत तोंड उघडायचे नाहीत," बायको म्हणाली.

रशीदभाईंनी जरा विचार केला, रिकामी बादली उचलली आणि नळाखाली ठेवून ओरडले, "अहो, बादली भरली, हंडा सरकवा!" मग मी ओरडलो. मग बायको. नळ ठणठणीत कोरडा, आणि अख्खी गल्ली बादली भरली म्हणून बोंबलतेय. पलीकडच्या गल्लीतली माणसं हंडे घेऊन पळत आली.

वर काकांच्या खोलीत कीबोर्डची खटखट झाली. अगदी सावकाश. मग काकांचा आवाज आला, जरा कापरा. "कुमुद, आज नळाला पाणी नव्हतं. तरी तुझी हाक आली."

रशीदभाई रिकाम्या बादलीत बघत राहिले.

थोड्या वेळानं काका उठून खिडकीत आले, गजांना धरून उभे राहिले. "नवा पासवर्ड," म्हणाले आणि सावकाश सांगितला. मग आमच्या सगळ्यांकडं एकदा बघून पुन्हा सांगितला.

रशीदभाईंनी कानामागचा खडू काढला आणि दुकानाच्या फळीवर, आतल्या बाजूनं, तो लिहून ठेवला.