टिपणिसांच्या गच्चीवरची खोली

मंगळवारी सकाळी कमलिनीबाई टिपणिसांच्या घराला गच्चीवर एक खोली फुटली. आधी खिडकीचं टोक डोकावलं, दुपारपर्यंत दार उमललं आणि शुक्रवारी स्वयंपाकाचा ओटाही धरला. बाईंना कोण आनंद झाला! मुलगी सासरी, यजमान जाऊन वर्ष झालेलं. घरात आवाज करणारा म्हणून प्रेशर कुकर तेवढा उरला होता. त्यांनी लगोलग 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली. प्राची आणि दिगंबर केळुसकर हे नवं जोडपं खोली बघायला आलं. दोघं जिन्यातसुद्धा हसत होती, एवढ्यावरच बाईंनी होकार देऊन टाकला.

सोमवारी नगररचना विभागाचे घोडविंदे टेप घेऊन हजर.

"हा निवासी पट्टा आहे, आजी. एका प्लॉटवर एकच घर. नुसती खोली असती तर चाललं असतं. पण ओटा आला म्हणजे दुसरी चूल आली, आणि दुसरी चूल म्हणजे दुसरं घर. पाडावं लागणार."

"अहो, मी कुठे बांधली? आपली आपण आली ती!"

घोडविंदेंनी भिंत नखाने खरवडली. आत हिरवं होतं. त्यांनी टेप खिशात घातली आणि उद्यान विभागाला फोन लावला. तिथल्या तांडेलबाई आल्या, चौकटीचा वास घेतला आणि कडाडल्या, "जिवंत आहे! परवानगीशिवाय हिची खुंटीसुद्धा तोडता येणार नाही."

बाईंनी देवाला हात जोडले.

"पण झाड भाड्याने देता येत नाही," तांडेलबाईंनी पुस्ती जोडली.

"मग झाडावर राहतं तरी कोण?" बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"पक्षी."

 घोडविंदेंनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर भाडेकरूंच्या जागी 'पक्षी' असं लिहिलं.

त्याच संध्याकाळी केळुसकरांना बोलावून घेतलं. घरट्याचं पहिलं सामान पक्ष्याने स्वतः तोंडातून आणायचं, असा नियम निघाला. पतपेढीत कॅशियर असलेला दिगंबर इस्त्रीच्या शर्टात, केरसुणीची काडी दातात धरून जिना चढला. प्राचीच्या दातात उशीचा अभ्रा होता. अर्ध्या जिन्यात तिला हसू फुटलं, अभ्रा पडला आणि तिला पुन्हा खालून यावं लागलं. दुसऱ्या खेपेला ती वर पोचली तेव्हा तांडेलबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"आणि भाडं?" बाईंनी विचारलं.

"पक्षी पैसे देत नाहीत, किलबिल देतात," घोडविंदे म्हणाले. "रोज सूर्योदयाला, मालकिणीला ऐकू जाईल अशी. एक दिवस जरी चुकली, तरी घरटं सोडलं असं धरू."

पोरं घाबरली. कमलिनीबाईंना मात्र हसावं की रडावं कळेना. या घरात सकाळी कुणी तोंड उघडेल, याची आशाच त्यांनी सोडली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच बाई चहाचं आधण ठेवून बसल्या. बाहेर तांबडं फुटलं तरी वर सामसूम. बाईंनी गॅस बारीक केला आणि कान वर लावले. मग छताच्या वर खुर्ची सरकली, कुणीतरी घसा खाकरला, आणि दिगंबरने भसाड्या आवाजात "चिवचिव" केलं. पाठोपाठ प्राचीने अशी लांबलचक तान मारली की शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या.

कमलिनीबाई धावत अंगणात गेल्या आणि मान वर करून ओरडल्या, "पोचलं हो भाडं! आता चहाला खाली उडत या!"