टाकवे रस्त्याची अमेरिकन

आमच्या ओव्हाळभाऊंकडे कुणी पाहुणा गाडी घेऊन आला, की भाऊ आधी पाहुण्याला भेटत नाहीत, गाडीच्या दाराला भेटतात. पाहुणा हात जोडून उभा असतो आणि भाऊ त्याच्या गाडीचं दार उघडतात, डोळे मिटतात, मान तिरकी करून कान दारापाशी नेतात आणि दार लावतात. मग पुन्हा उघडतात, पुन्हा लावतात. समाधान झालं की डोळे उघडून निकाल देतात, "ओके टू गो!" किंवा "रिजेक्ट!" त्यानंतर पाहुण्याला पाणी मिळतं. रिजेक्ट झालेल्यालाही मिळतं, पण जरा उशिरा.

कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे निघालं की माळावर एक लांबलचक कारखाना दिसतो. तिथं पूर्वी एका अमेरिकन कंपनीच्या मोटारी बनायच्या आणि भाऊ त्या मोटारींना दारं बसवायचे. शिकवायला अमेरिकेहून एक धिप्पाड साहेब आला होता. गाडीची जात दाराच्या आवाजावरून कळते, असं तो म्हणाला म्हणे. साहेब शिकवून परत गेला. पुढं काही वर्षांनी कंपनीनंही गाशा गुंडाळला. भाऊंच्या कानात मात्र ते वाक्य जे जाऊन बसलं, ते आजतागायत बाहेर आलेलं नाही.

माझं फाट्यावर मेडिकलचं दुकान आहे आणि घर भाऊंच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे भाऊंचं वेड मला फुकटात आणि चोवीस तास मिळतं. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्या आमच्या फाट्यापर्यंत तुंबतात. आम्ही सगळे तेव्हा घरात बसतो. भाऊ टोपी घालून बाहेर पडतात आणि उभ्या रांगेतून दारं ऐकत फिरतात. पर्यटकांना वाटतं हा पार्किंगवाला, नाहीतर साध्या वेशातला पोलीस. एकदा एका बाईनं काच खाली करून विचारलं, "भुशी डॅमला हाच रस्ता ना?" भाऊ म्हणाले, "रस्ता ह्योच. आदी मागचं दार नीट लावा." त्या कुटुंबानं बिचाऱ्यानं तीन-चारदा दार लावून दाखवलं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता गदारोळ केला, पण पास केल्याशिवाय भाऊंनी त्यांना सोडलं नाही.

पुतणीला बघायला देहूरोडचा मुलगा आला होता, तेव्हाही हेच. मुलगा डेपोत नोकरीला, निर्व्यसनी, दिसायला छान. गावाहून, बेडशाहून, सगळे भाऊबंद जमले होते. पोहे यायच्या आधी भाऊ अंगणात जाऊन आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगं झकास हाय. पन दार रिजेक्ट हाय." मुलाच्या आईच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी सुमनवहिनींनी, कशीबशी वेळ मारून नेली. मुलगा मात्र हुशार निघाला. पुढच्या खेपेला तो मोटारसायकलवरून आला. मोटारसायकलला दार नसतं, त्यामुळे लग्न जमलं.

आता अशा माणसाची स्वतःची गाडी कशी असेल, असं तुम्हाला वाटत असेल. भाऊंची गाडी अर्थातच त्याच अमेरिकन कंपनीची आहे. कंपनी चालू असताना घेतलेली. कंपनी गेल्यावर सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणून डावा आरसा रिक्षाचा आहे आणि मागचा एक दिवा कुठल्याशा टेम्पोचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दारं बसवली, तो डावीकडून चढून, गिअरवरून पाय टाकून, कण्हत कण्हत आपल्या जागी पोचतो. मी एकदा यावर काही बोलायला गेलो, तर म्हणाले, "उगडत न्हाई, पन लागलंय कसं बघा! वारा न्हाई शिरत."

गाडीचा हीटर बंद होत नाही, हा आणखी एक प्रकार. वैशाखातसुद्धा पायांवर गरम वाफा. वहिनी त्या गाडीत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात. भाऊंच्या मते हा दोष नाहीच. "अमेरिकेत थंडी लय. गाडीला सवय हाय ती." गाडीचा जन्म मावळातला, ती अमेरिका कधी बघून आली, हे विचारायची सोय नाही.

आणि त्या कंपनीची दुसरी गाडी रस्त्यात दिसली की भाऊंचा तोल जातो. एकदा मी त्यांच्या शेजारी भाजत बसलो होतो, तेवढ्यात कामशेतजवळ पुढून तशीच एक पांढरी गाडी गेली. भाऊंनी हॉर्न दाबला, दिवे मारले आणि पाठलाग सुरू केला. पुढचा माणूस घाबरून वेग वाढवतोय, भाऊ खिडकीतून हात हलवतायत, मी कलमा पुटपुटतोय, अशी आमची वरात थेट खंडाळ्याच्या घाटापर्यंत गेली. शेवटी त्या माणसानं एका हॉटेलात गर्दी बघून गाडी घातली आणि अंगातलं जॅकेट काढून द्यायची तयारी दाखवली. भाऊंनी त्याचा हात धरून एवढंच विचारलं, "तब्येत कशी हाय हिची?" माणूस म्हणाला, "बायको तर आज घरी आहे."

माझी गाडी जपानी आहे. भाऊ तिला 'इम्पोर्टेड डबा' म्हणतात. तिचं पुढचं दार दिवाळीपर्यंत गळून पडणार, असं त्यांनी मला ऐकवलं होतं. त्यानंतर बऱ्याच दिवाळ्या झाल्या, दार ठणठणीत आहे. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो भाऊ, माझी इम्पोर्टेड, तर तुमची कुठली? तुमची तर साता समुद्रापलीकडची."

"कुटली पलीकडची?" भाऊ खरोखर गोंधळले. "टाकवे रस्त्याची हाय ती. आमी बनवलीय. जी मावळात बनली ती घरची. बाकी समदं इम्पोर्टेड."

म्हणजे अमेरिकन गाडी घरची, आणि मुंबईत बनली तरी ती बाहेरची. या हिशेबापुढे मी हात टेकले. पण हाच हिशेब पुढे भाऊंच्या मानगुटीवर बसला.

झालं असं, की तो रिकामा कारखाना एका जपानी कंपनीनं घेतला. तेच शेड, तेच गेट, रंग नवा. आणि भाऊंची मुलगी प्रज्ञा इंजिनिअर होऊन नेमकी तिथंच चिकटली. पोरगी बापासारखीच, धरलं की सोडायचं नाही. महिन्याभरात तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि चपला ठेवायला जमिनीवर पिवळे पट्टे मारले. "आमच्या कंपनीत असं नसतं, आमच्या कंपनीत तसं नसतं," हे दिवसभर. इकडे भाऊ भाकरी उलटली की "ओके टू गो" म्हणणार, तिकडे प्रज्ञा तव्याची जागा चुकली म्हणून ओरडणार. वहिनी एकदा दुकानात बीपीची गोळी घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "एक अमेरिका, एक जपान, आन् मदी मी. भाकरी कोनी खायाची ती खावा म्हनलं."

भाऊ मात्र लोकांना सांगताना "पोरगी टाकवे रस्त्याला असती," एवढंच सांगायचे. तिनं 'आमची कंपनी' म्हटलं की उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, म्हातारा जळतो. आपल्या सासरी दुसरी सून आल्यासारखं होत असेल.

मग प्रज्ञानं गाडी बुक केली. तिच्या कंपनीची, तिच्या शेडमध्ये बनलेली. भाऊंनी जाहीर केलं, "मी त्यात बसनार न्हाई."

"पप्पा, मावळात बनलीय," प्रज्ञा म्हणाली. "तुमच्याच नियमानं घरची आहे."

भाऊ अडकले. टोपी सरळ करून म्हणाले, "शेड घरचं. पत्रा भाईरचा." आणि तिथून बापलेकीचं बोलणं बंद झालं. भाऊंनी मीठ मागितलं तर वहिनींकडून, प्रज्ञानं दिलं तर वहिनींच्या हातात. घराच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं, आणि आता काहीच ऐकू येत नव्हतं. मला खरंच बरं वाटत नव्हतं.

गाडी मिळायच्या आदल्या दिवशी प्रज्ञा दुकानात आली. एरवी तरातरा बोलणारी मुलगी काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्या नुसत्या इकडून तिकडे करत होती.

"काका, पप्पा बसणार नसतील तर मला ती गाडी नको. मी कॅन्सल करते."

"अगं, वेडी का काय?"

"त्यांच्यासाठीच घेतली ना मी. आई त्या भट्टीत बसून आजारी पडेल, आणि पप्पांना आता गिअरवरून पाय टाकवत नाही. मी बघते ना रोज. मोकळी गाडी घेऊन मी कुठे जाऊ?" तिला रडू फुटलं. मी तिला पाण्याची बाटली दिली.

तडक भाऊंकडे गेलो. ते आपल्या गाडीचा रिक्षाचा आरसा पुसत होते. मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी आरसा आणखी जोरात पुसला.

"रडली व्हय?"

"रडली."

"येतो मी. बगायला. बसायला न्हाई." मग फडकं झटकून म्हणाले, "लोकलनं येतो. रेल्वे आपली हाय."

दुसऱ्या दिवशी कान्ह्याहून लोकल पकडून आम्ही चौघे चिंचवडला शोरूमला गेलो. तिथं गाडीवर लाल सॅटिनचं कापड घातलेलं होतं. कापड ओढलं, केक कापला, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो काढले. शोरूममधली बाई माईकवर म्हणाली, "ओव्हाळ फॅमिलीचं हार्दिक अभिनंदन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ लांब पाण्याच्या पिंपाशी उभे होते.

मग सावकाश आले. गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचं दार उघडलं, डोळे मिटले, कान नेला, लावलं. उघडलं, लावलं. मागचं उघडलं, लावलं. पुन्हा पुढचं. शोरूममधली बाई घाबरून मला म्हणाली, "सर, काही प्रॉब्लेम आहे का?" प्रज्ञा ओठ दाबून उभी होती. निकाल काही येईना.

"भाईरून नीट कळत न्हाई," भाऊ अखेर म्हणाले. "आतून आयकाया लागंल." आणि मागचं दार उघडून आत बसले. दार लावलं. बसूनच राहिले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. वहिनी जे काही समजायचं ते समजल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी भाऊंच्या शेजारी शिरलो. प्रज्ञानं हळूच गाडी बाहेर काढली, जणू मागे झोपलेलं मूल आहे. देहूरोड गेलं, तळेगाव गेलं, वडगाव गेलं, तरी भाऊ दारच ऐकत होते. वहिनी एसीच्या वाऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

कान्हे फाटा आला तशी प्रज्ञानं घराकडे वळायचा दिवा लावला.

"टाकव्याकडं घे," भाऊ म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलत होते. तिनं गाडी वळवली.

रविवार होता, कारखाना बंद. गेटसमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली, पण उतरले नाहीत. काचेतूनच बघत राहिले.

"कंपनी जायाच्या आदल्या सालापातूर मी पन घरी आल्यावर असंच करायचो," भाऊ म्हणाले. "आमची कंपनी असं करती, आमची कंपनी तसं करती. तुजी आई कटाळायची. वाटायचं, आपलीच हाय. मग येक दिवस सायबांनी हात मिळवला, थँक्यू म्हनले, आन् गेले. त्यांचं काय चुकलं न्हाई. त्यांची व्हती, ते घिऊन गेले. माजं काय व्हतं त्यात?"

प्रज्ञा आरशातून त्यांच्याकडे बघत होती.

"गाडीचं काय न्हाई गं. गाडी झ्याक हाय. पन तू रोज घरी ईऊन 'आमची कंपनी, आमची कंपनी' म्हनतीस ना, तवा मला लय भ्या वाटतं. उद्या ह्ये बी गेले तर तुजं असं माज्यावानी व्हईल."

इतकी वर्षं आम्ही सगळे या माणसाला हसलो, आणि तो बापडा इतके दिवस एकटाच घाबरत बसला होता.

प्रज्ञानं मागे वळून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग काय म्हणू, पप्पा?"

भाऊंनी गेटकडे बघितलं, शेडकडे बघितलं, मग लेकीकडे.

"म्हन आमची," ते म्हणाले. "पन जरा बेतानं म्हन."