गळ्यातला डबा आणि गल्लीतले मिक्सर

पळणारा आणि पकडणारा यांना बुद्धी सारखीच मिळालेली असते, जीप मात्र एकालाच मिळते. रेडिओ तपासनीस यादवांना हे सत्य अठ्ठ्याहत्तर साली मुख्यालयाच्या परिपत्रकातून कळलं. तेव्हा घरच्या रेडिओलाही परवाना लागे. मार्चअखेर एक तरी बिनपरवाना रेडिओ पकडा, नाहीतर दूर डोंगरात सुरगाण्याला बदली, असंही त्यातच होतं. यादवांच्या घरी नुकताच नळ आला होता, त्यामुळे पत्नी यशोदाबाईंनी ‘बदली’ हा शब्द उच्चारायलाच बंदी घातली होती.

खात्याने त्यांना गळ्यात अडकवायचं आणि नळीने कानाला लावायचं शोधयंत्र दिलं. जवळपास रेडिओ चालू असला की त्यात शिट्टी वाजे (वाजेल, असं निविदेत म्हटलं होतं).

सातपूरच्या कामगार वसाहतीने यावर विद्युत उपाय काढला. जीप कोपऱ्यावर दिसली की रेडिओवाल्या घरांत मिक्सर सुरू. यंत्रात नुसती खरखर! गल्लीत चटणीचा खप तिप्पट झाला, पोटदुखीही तितकीच वाढली (दोन्ही आकडे गोपनीय).

शत्रूच्या डोक्यात शिरून विचार करावा, असं शास्त्र सांगतं. मिक्सर तिथे रेडिओ, हे यादवांनी ताडलं. वसाहतीने ते ताडणं ताडलं आणि रेडिओ नसलेल्यांनीही शेजारधर्म म्हणून मिक्सर लावले. यादवांनी अख्ख्या ओळीची झडती घेतली, तोवर रेडिओ मागच्या दाराने पुढच्या ओळीत गेले, आणि यादव डबाभर चटणी घेऊन परतले. चटणी उत्तम होती, हे मान्य केलं पाहिजे.

अखेरच्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला. मिक्सर लावला की संशय येतो, हे खऱ्या गुन्हेगाराला पक्कं ठाऊक असणार. म्हणजे तो मिक्सर लावणारच नाही! असं शांत घर एकच होतं, बालवाडीच्या विमलाबाईंचं. यादव आत घुसले.

विमलाबाईंनी शिक्क्यासकट परवाना पुढे केला. “लायसन हाय म्हणून तर मिक्सर नाय लावला, साहेब.”

यादव मटकन उंबऱ्यावर बसले. कानातली नळी गळून पडली, गल्लीतले मिक्सर थांबले आणि नळीतून बारीक आवाजात लावणी ऐकू येऊ लागली.

“या डब्यात गाणी पण लागतात का?”

“लागतात. लय झकास लागतात,” यादव रडवेल्या सुरात म्हणाले.

“मग त्याचं लायसन?”

यादवांनी गळ्यातल्या डब्याकडे पाहिलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी विमलाबाईंना वाकून नमस्कार केला. पंचनामा तिथेच झाला: पकडणारे यादव, पकडलेले यादव, पंच विमलाबाई. मुख्यालयाने बदलीचा विषय बंद करून शाबासकी कळवली. यशोदाबाईंनी त्या दिवशी नळाला हळदकुंकू वाहिलं.

यादवांचं गणित आता आणखी पुढे गेलं आहे. ही हकीकत वाचून जो मोकळेपणाने हसतो, त्याच्या घरी परवाना नसतो. जो हसू दाबतो, त्याच्याकडे तर नसतोच. आपण यांपैकी काय केलंत, ते पाहायला जीप कोपऱ्यावर उभी आहे. मिक्सर लावू नका, उपयोग नाही.