आमचा लहरी एसी

डॉक्टर मॅडमना गाडी दाखवायला न्यायच्या आधी एसी एकदा तपासून घ्यावा, एवढंच मी ठरवलं होतं. (मी जिथे ‘एवढंच’ म्हणतो, तिथून पुढे तीन दिवस मला जेवण जात नाही.)

मॅडम डोळ्यांच्या डॉक्टर. दोन दवाखान्यांत ये-जा करायला त्यांना गाडी आणि ड्रायव्हर महिन्याच्या बोलीवर हवा होता. अट एकच, एसी चांगला पाहिजे. काम मिळालं नाही, तर नुकतीच घेतलेली जुनी गाडी विकून मला पुन्हा मेव्हण्याच्या दुकानात टायर ढकलावे लागणार होते. मेव्हणा मनाने चांगला आहे, पण “काय दाजी, आलात परत?” हे तो ज्या आवाजात म्हणेल, तो आवाज मला आत्तापासूनच ऐकू येत होता.

आणि एसी तर पक्का लहरी. कधी कान दुखतील इतका गार, कधी भट्टीसमोर बसल्यासारखा.

बायकोला शेजारी बसवून एक फेरी मारली. घरातला तापाचा थर्मामीटर हवेच्या झडपेत खोचला. पारा एकशे दोनवर चढला. मग वळलो, हवा गार झाली, बोटं बधिर झाली, तरी पारा एकशे दोनवरच!

“अगं, बोटं गार सांगतायत आणि हा गरम सांगतोय! कुणाचं खरं मानू?”

“अहो, तो झटकल्याशिवाय उतरत नाही,” बायको म्हणाली. “आणि एवढा ताप असेल, तर थंड पाण्याची पट्टी ठेवा गाडीच्या बॉनेटवर.”

आमच्या दारात यायला पुन्हा वळलो, तर परत भट्टी. मग मेकॅनिक. त्याच्याकडे जाताना मोठ्या रस्त्यावर एक यू-टर्न लागतो. मी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, बटण दाबलं, वळलो. गॅरेजात पोचलो तर गाडीत ही थंडी!

“दादा, एसी गार करत नाही,” मी कुडकुडत म्हणालो.

त्याने हवेसमोर हात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. “गॅस बरोबर आहे, पंखा बरोबर आहे. दाखवा की गरम हवा!”

परत निघालो, पुन्हा यू-टर्न घेतला, आणि घर येईपर्यंत सदरा पाठीला चिकटला. तीन दिवसांत पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला तो मला लांबूनच पाहून दुसऱ्या गाडीखाली सरपटत गेला.

“तुमचा एसी त्या मेकॅनिकला घाबरत असणार,” बायको म्हणाली. “मॅडमकडे जाताना त्यालाच बसवा मागे.”

(मी खरंच विचारायला गेलो होतो. तो गाडीखालून बाहेर आला नाही.)

शेवटी तो दिवस आला. मॅडम दवाखान्यातून निघून पुढच्या सीटवर बसल्या. हवा गार! मी श्वास रोखून गाडी चालवत होतो.

“छान आहे हो एसी,” मॅडम म्हणाल्या. आणि दोन मिनिटांनी, “अरे देवा, पर्स राहिली. वळवा गाडी!”

आरसा, इंडिकेटर, बटण, यू-टर्न. चौक येईपर्यंत मॅडम हातातल्या फाइलने वारा घेऊ लागल्या. माझ्या कानात मेव्हणा बोलू लागला.

“वळताना काय दाबलंत तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“यू-टर्नचं बटण.”

“कसलं?”

“हे बघा ना. गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण.” मी नववीत शाळा सोडली, त्यामुळे चित्रं फार लक्ष देऊन वाचतो. “मला वाटलं, याने चाकांना वळायला सोपं जातं.”

मॅडमनी बटण पुन्हा दाबलं. “अहो, हे आतलीच हवा फिरवायचं बटण! एकदा दाबलं की आतली गार हवा फिरते, पुन्हा दाबलं की बाहेरची गरम हवा आत येते.”

म्हणजे एक यू-टर्न गार, दुसरा गरम! माझा चेहरा इतका तापला, की एसीनेही हात टेकले असतील.

दवाखान्यात पोचल्यावर मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, “पर्स राहू द्या. आत या. बसा त्या खुर्चीवर.”

आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मी घाम पुसत वाचली. शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा.

“डोळे उत्तम आहेत,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी सकाळी आठला गाडी घेऊन या.”

मी आनंदाने दारापर्यंत पोचलो, तोच मागे मॅडम आपल्या कंपाउंडरला हळूच म्हणाल्या, “मला उगाच आशा होती, की दोष डोळ्यांतच असेल.”